मॅमथ टँक: पट्टे, पाय आणि पुन्हा पट्टे

टायबेरियम

मंडळी, गेला महिनाभर रात्रीची जेवणं उरकली की तासभर 'कमांड अँड कॉन्कर' खेळतोय. २०२० साली झिलई करून परत आणलेली आवृत्ती. पहिल्यांदा हा गेम मी ठाण्याला चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर पाहिला, नववीत होतो. कारखान्याचं दार उघडलं आणि आतून दोन तोफांचा, रुंद पट्ट्यांचा, संथ चालणारा तो गाडा बाहेर आला, तेव्हा आम्ही दोघं गप्पच झालो होतो. मॅमथ टँक. आजही तो बाहेर आला की तसंच होतं.

या एका काल्पनिक रणगाड्याच्या घडणीवर मराठीत कुणी नीट बोललेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

१९९५ चा पहिला मॅमथ जीडीआयचा, म्हणजे गेममधल्या दोन सैन्यांपैकी एकाचा (दुसरं नॉड). १२० मिमीच्या दोन तोफा, टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) दोन्ही बाजूंना 'टस्क' क्षेपणास्त्रांच्या पेट्या, गेममधल्या पैशांत किंमत १५००. रणगाडा समोर आला की तोफा, पायदळ किंवा विमान आलं की क्षेपणास्त्रं. आणि मार खाऊन अर्धमेला झाला तरी बाजूला उभा केला की स्वतःची डागडुजी अर्ध्यापर्यंत स्वतःच करायचा. १९९६ च्या 'रेड अलर्ट'मध्ये हाच गाडा सोव्हिएत सैन्याकडे गेला, १७०० ला. मग १९९९ च्या 'टायबेरियन सन'मध्ये गेम बनवणाऱ्या वेस्टवुडने त्याचे पट्टे काढले आणि चार पाय लावले. मॅमथ मार्क टू. तोफांच्या जागी रेलगन (विजेच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ), किंमत ३०००, आणि एका वेळी एकच बाळगायची मुभा. २००७ साली 'टायबेरियम वॉर्स'मध्ये तो परत पट्ट्यांवर आला, मॅमथ २७ म्हणून.

माझं मत स्पष्ट आहे. पाय देणं ही चूक होती. मॅमथचं मॅमथपण त्याच्या जमिनीला चिकटून चालण्यात होतं. पाय लावल्यावर तो भव्य झाला, पण रणगाडा राहिला नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि उद्या नवा मॅमथ काढायचा झाला, तर जुन्यातलं काय ठेवाल?

कट्टेकरीण

मॅमथचा धागा! चहा ठेवून येते, मग सावकाश वाचते.

पाचवा गिअर

ठेवा चहा, मॅमथ तुमच्या तळापर्यंत पोचेस्तोवर दोन कप होतील. :)

गंभीरपणे सांगायचं तर मॅमथवर जीव सगळ्यांचाच, पण माणसासमोर खेळताना मी तो क्वचितच बांधतो. मीडियम टँक ८०० ला. म्हणजे एका मॅमथच्या पैशात जवळपास दोन मीडियम. दोन गाडे दोन दिशांनी जातात, समोरच्याचे हार्वेस्टर (स्फटिक वेचून पैसा आणणाऱ्या गाड्या) अडवतात, परत येतात. मॅमथ एकाच जागी एकच काम करतो. कॉम्प्युटरविरुद्ध चालून जातं, कारण तो बिचारा समोरूनच येतो.

पण नॉडच्या ओबेलिस्कसमोर, म्हणजे किरण सोडणाऱ्या मनोऱ्यासमोर, उभं राहायची वेळ आली की मग मात्र मॅमथच. मीडियम तिथे टिकत नाही. मी दोन मॅमथ पुढे उभे करतो, ते किरण अंगावर घेतात, तोवर मागून वीजघर पाडायचं. वीज गेली की ओबेलिस्क नुसता खांब.

निळावंती

आमची पिढी जरा नंतरची. कोल्हापुरात राजारामपुरीत एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. सहा मशीन एकमेकांना जोडलेली. तिथे याच मालिकेतला २००३ चा 'जनरल्स' चालायचा आणि माझा मॅमथ म्हणजे चीनचा ओव्हरलॉर्ड. त्याच्याही दोन तोफा. किंमत २०००. वर तीनपैकी एकच गोष्ट बसवता यायची: गॅटलिंग, प्रचाराचा भोंगा किंवा सैनिकांसाठी बंकर. मी कायम भोंगा. आजूबाजूच्या गाड्यांची दुरुस्ती व्हायची आणि गोळीबाराचा वेग वाढायचा.

मला आठवतं ते हे: ओव्हरलॉर्ड समोरच्या लहान रणगाड्यावर चढून त्याला चिरडायचा. पहिल्यांदा चुकून झालं. मी नुसतं पुढे जायला सांगितलं होतं आणि वाटेत आलेला माझ्या भावाचा स्कॉर्पियन सपाट. तो शेजारच्या खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. कॅफेवाले दादा धावत आले, त्यांना वाटलं मारामारी झाली.

तर माझा मुद्दा. वजन हेच ज्याचं हत्यार आहे, तो मॅमथ. पायांनी चिरडण्यात तो ऐवज नाही. म्हणून टायबेरियम यांच्याशी सहमत.

माजी सवार

मी गेम खेळत नाही. नातू खेळतो, त्याने हा धागा दाखवला. सत्तावीस वर्षं आर्मर्डमध्ये (रणगाडा दलात) काढली, त्यातली बरीच टी-७२ वर, म्हणून चार शब्द लिहितो.

तुम्ही सगळे तोफा मोजताय. आम्ही आधी वजन विचारतो. टी-७२ साधारण ४१ टन. टी-९० ४६ च्या आसपास. अर्जुन ५८ टनांवर आणि त्याचा मार्क वन ए ६८. एवढ्याने काय फरक पडतो, असं वाटेल. पडतो. वाटेतला प्रत्येक पूल, रेल्वेचा वॅगन, अडकलेला गाडा ओढून काढणारा दुसरा गाडा, सगळं त्या आकड्यावर ठरतं. अर्जुनची रुंदी ३.८६ मीटर, ती रेल्वेने नेताना किती विचार करावा लागतो ते नेणाऱ्याला विचारा. तुमचा मॅमथ दोन तोफा, क्षेपणास्त्रं आणि जाड चिलखत घेऊन शंभर टनांच्या खाली बसणार नाही. त्याला शत्रू नंतर, आधी ओढा भेटेल.

१९६५ चं असल उत्तर आठवा. खेमकरणच्या पट्ट्यात आपल्या लोकांनी पाणी सोडून शेतं चिखल करून ठेवली, उसात गाडे दडवले. पलीकडून आलेले पॅटन साधारण ४५ टनी. रुतले, वळता येईना, बाजू उघडी पडली. नव्वदहून जास्त गाडे तिथे गेले. पॅटन वाईट गाडा नव्हता. जमीन त्याची नव्हती.

नगरला के. के. रेंजवर, लष्कराच्या सरावाच्या मैदानावर, पावसाळ्यात काळी माती अशी होते की चालताना बूट पायातून निघून राहतो. अशा मातीत एकदा आमच्या गाड्याचा पट्टा उतरला. वळण जरा जास्त घेतलं, माती चाकांत कोंबली गेली आणि पट्टा बाहेर. संध्याकाळी सहाला सुरुवात केली. आधी फावड्याने चाकांतली माती काढायची. मग पट्ट्याची पिन घणाने ठोकून काढायची, पट्टा जमिनीवर पसरायचा, गाडा त्याच्यावर हळूच चढवायचा, तारेने टोक ओढून घ्यायचं आणि परत पिन. तिघंच क्रू, टी-७२ ला लोडर नसतो. रात्री पावणेबाराला ड्रायव्हरने पट्टा ताणला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात सोललेले होते. त्याने हात पुसले, आत बसला आणि गाडा चालू केला.

म्हणून ती स्वतःची डागडुजी स्वतः करण्याची कल्पना वाचली तेव्हा बरं वाटलं. ज्याने ती घातली त्याला रणगाडा कळला होता. अर्ध्यापर्यंतच होते, हेही खरं आहे. क्रू गाडा चालता करतो, पूर्ण बरा तो वर्कशॉपमध्येच होतो.

टायबेरियम

सवारकाका, तुमच्या पोस्टसाठीच धागा काढला असं आता वाटतंय. अर्ध्यापर्यंतच का, याचं कारण मी इतकी वर्षं गेमचा तोल राखायला असेल एवढंच धरून चाललो होतो.

नातवाला आमचा नमस्कार सांगा.

गणोजी

सवारकाकांच्या वजनाच्या मुद्द्याला धरून, पण टायबेरियम यांच्याविरुद्ध. पाय इतके वाईट नाहीत. थोडं गणित मांडतो.

अर्जुन ५८.५ टन. एका पट्ट्याचा जमिनीला टेकलेला भाग अंदाजे पाच मीटर लांब आणि पासष्ट सेंटीमीटर रुंद धरा. दोन पट्टे मिळून साडेसहा चौरस मीटर. म्हणजे चौरस सेंटीमीटरला ०.९ किलो. अर्जुनचा छापील आकडा ०.८५ आहे, म्हणजे अंदाज जवळ आला.

आता मार्क टू. शंभर टन धरू. एकेक पाऊल दोन मीटर बाय दीड मीटर. चार पावलं, बारा चौरस मीटर. उभा असताना दाब ०.८३. अर्जुनपेक्षाही कमी! चालताना समजा दोन पाय उचलले, तर १.६७. हा जास्त झाला, पण एका वेळी एकच पाय उचलला तर १.११. हत्ती चालतो तसा.

आणि पट्टा अखंड जमीन मागतो. पायाला चार ठिकाणं पुरतात. 'टायबेरियन सन'ची जमीन आठवा, कडे, भेगा, हिरव्या स्फटिकांची शेतं. तिथे पाय लावण्यात तर्क होता. त्या भागात जीडीआयचा नेहमीचा रणगाडासुद्धा दोन पायांचा टायटन होता. एकट्या मॅमथवर अन्याय केला असं नाही, सगळ्या सैन्याचीच चाल बदलली होती.

पाचवा गिअर

गणोजी, गणित मान्य. पण गुडघा? पट्टा तुटला तर गाडा जागेवर थांबतो आणि तोफ चालूच राहते. गुडघा गेला तर शंभर टन आडवे होतात.

गणोजी

गुडघ्याला उत्तर नाही माझ्याकडे. उंचीलाही नाही. रणगाड्याने उंचवट्यामागे दडून फक्त टरेट वर काढायचं असतं. मार्क टूला दडायला सह्याद्री लागेल. :)

माजी सवार

उंचीचा मुद्दा योग्य. टी-७२ बुटका आहे ते उगाच नाही. आत बसणाऱ्याची पाठ मोडते, पण समोरच्याला नेम धरायला कमी जागा मिळते.

खडकीकर

मी शस्त्रास्त्रांच्या क्षेत्रात नोकरी केली आहे, त्यामुळे तोफेबद्दल बोलतो. अर्जुनची १२० मिमीची तोफ आमच्या पुण्यातली, पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवलेली. आतून आटे असलेली. त्यामुळे १२० मिमी म्हटलं की कान टवकारतात.

दोन तोफांचा रणगाडा कुणी खरंच करून पाहिला का? पाहिला. पश्चिम जर्मनीने १९७० च्या दशकात व्हीटी १ नावाचे प्रायोगिक गाडे केले. एकावर १०५ मिमीच्या दोन तोफा, दुसऱ्यावर १२० मिमीच्या दोन. पण लक्षात घ्या, त्यांनी फिरणारं टरेट ठेवलंच नाही. तोफा थेट गाड्याच्या अंगात बसवल्या. कारण सरळ आहे. तोफ मधोमध असली की उडताना धक्का सरळ मागे जातो. बाजूला असली की तोच धक्का टरेटला पिळतो. शिवाय दोन्ही तोफांना गोळे भरायची यंत्रणा, मागे सरकायची जागा, सगळं दुप्पट. तो प्रकल्प पुढे गेला नाही.

मॅमथच्या सर्वात जवळ जाणारा खरा गाडा मला विचाराल तर रशियाचा बीएमपीटी 'टर्मिनेटर'. रणगाड्याच्याच सांगाड्यावर ३० मिमीच्या दोन तोफा आणि दोन्ही बाजूंना मिळून चार अताका क्षेपणास्त्रं. समोरून फोटो पाहा आणि मग मॅमथ पाहा. मांडणी तीच, तोफांचा व्यास तेवढा लहान केला, आणि म्हणूनच ती जमली.

आता रेलगन. रणगाड्याच्या आजच्या तोफेतून गोळा निघतो तेव्हा त्यात साधारण दहा मेगाज्यूल ऊर्जा असते. रेलगनमध्ये पुरवलेल्या विजेचा एक तृतीयांश भाग जरी गोळ्यात उतरला तरी एका बारासाठी तीस मेगाज्यूल वीज हवी. १५०० अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे सुमारे १.१ मेगावॉट. म्हणजे गाडा जागेवर उभा करून, अख्खं इंजिन फक्त वीज करायला लावलं तरी एका बाराला जवळपास अर्धा मिनिट. मॅमथ २७ ला गेममध्ये रेलगन नंतर बसवता येते आणि तो धाडधाड उडवतो. त्याच्या पोटात काय इंजिन असेल याचा विचार करून मी एकदा रात्री जागलो आहे.

अमेरिकी नौदलाने २०१० साली ३३ मेगाज्यूलचा बार उडवून दाखवला होता. २०२१ मध्ये काम थांबवलं. नळीच्या रुळांची झीज हे मोठं दुखणं होतं. जहाजावर जमत नाही ते रणगाड्यात कोंबायचं म्हणजे अवघड आहे.

निळावंती

खडकीकर, इंजिनावरून: माउस नावाच्या जर्मन रणगाड्याबद्दल वाचलं होतं. १८८ टन. इंजिन वीज तयार करायचं आणि मोटारी पट्टे फिरवायच्या. पूल पेलणार नाहीत म्हणून नदीच्या तळावरून जायची योजना होती, आणि पाण्याखालच्या गाड्याला काठावरचा दुसरा माउस तारेने वीज पुरवणार! जेमतेम दोन तयार झाले. सवारकाकांचा ओढा त्यांना कागदावरच भेटला म्हणायचा.

माजी सवार

निळावंतीताई, अगदी बरोबर. आणि दुसरं टोकही पाहा. १ नोव्हेंबर १९४८, झोजीला. साडेअकरा हजार फुटांवर सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीने स्टुअर्ट गाडे चढवले. पंधराएक टनांचे. वाटेत कुणाला कळू नये म्हणून टरेट उतरवून, ताडपत्र्या घालून, रात्रीचे नेले. पलीकडच्यांना तिथे रणगाडा येईल हे स्वप्नातही नव्हतं. त्या दिवशी लहान गाड्याने जे केलं ते शंभर टनी गाड्याने झालं नसतं. आता लडाखसाठी झोरावर हा हलका रणगाडा करतायत तोही २५ टनी.

रेखाटन

अवांतर वाटेल, पण आत्ताच लिहितो. मी डोंबिवलीत घरी थ्री-डी प्रिंटरवर मॅमथ करतोय. पहिला, १९९५ चा. लांबी साधारण वीत.

अडचण अशी की मूळ गाडा पडद्यावर जेमतेम नखाएवढा. गाड्याच्या अंगाची ३२ दिशांची ३२ चित्रं आणि टरेटची वेगळी ३२. त्या ठिपक्यांतून खरा आकार काढायचा. २०२० मध्ये जुना कोडही खुला झाला, पण कोडात चिलखताचा प्रकार सापडतो, पट्ट्याचा उतार नाही सापडत. मी एकेक दिशेचं चित्र मोठं करून कागदावर छापलं, आठवडाभर भिंतीवर लावलं आणि येता-जाता बघत राहिलो. मग लक्षात आलं की त्याला चार पट्टे आहेत. पुढे दोन, मागे दोन, वेगळे. एवढी वर्षं मी दोनच समजत होतो.

पहिल्या प्रिंटमध्ये तोफांच्या नळ्या आडव्या छापल्या, त्या खालून खरबरीत आल्या. आता उभ्या छापतो. पण उभ्या छापल्या की पातळ भागात मोडतात. म्हणून नळीत पितळी तार घालणार आहे.

खडकीकर

रेखाटन, चार पट्टे! हे महत्त्वाचं आहे. एक पट्टा उतरला तरी तीन उरतात. सवारकाका, तुमची ती रात्र वाचली असती का?

माजी सवार

चिखलात एक पट्टा गेलेला गाडा फक्त गोल फिरतो. तीन असते तर कदाचित कडेपर्यंत रांगत गेला असता. कोरडी जागा मिळाली असती तर निम्मं काम हलकं. पण चार पट्टे म्हणजे देखभालही चौघांची. रोज संध्याकाळी एकेक पिन तपासायची असते, ती कोण तपासणार?

बॅकबेंचर

सगळं छान चाललंय पण २०२२ नंतर हा धागाच निकालात निघाला असं मला वाटतं. युक्रेनमध्ये काही हजारांचं ड्रोन लाखमोलाचा रणगाडा जाळतं. छतावर जाळ्या आणि लोखंडी पिंजरे बांधून गाडे फिरतायत. मॅमथ जितका मोठा तितका सोपा नेम. नवा मॅमथ काढायचाच कशाला?

पाचवा गिअर

बॅकबेंचर, उलट आहे. पिंजरे का बांधावे लागले? कारण खऱ्या रणगाड्याकडे वरून येणाऱ्याला उत्तर नव्हतं. मॅमथकडे १९९५ पासून होतं. टस्क क्षेपणास्त्रं हवेतल्यावरही चालतात. रणगाड्याने आपलं आकाश आपण सांभाळावं ही कल्पना त्याच्या रेखाटनात पहिल्या दिवसापासून आहे.

आणि 'जनरल्स'मधला अमेरिकेचा पॅलाडिन आठवा. लेसरने येणारी क्षेपणास्त्रं पाडायचा, २००३ साली. येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी इस्रायलची ट्रॉफी प्रणाली त्यांच्या मेरकावा रणगाड्यावर त्यानंतर आली. गेमवाल्यांनी आधी पाहिलं.

गणोजी

'आधी पाहिलं' नको. सोव्हिएत द्रोझ्द प्रणाली १९८० च्या दशकातच टी-५५ वर बसली होती. येणारं क्षेपणास्त्र रडारने हेरून छोटे गोळे उडवायची. गेमवाल्यांनी बहुधा तिथूनच उचललं असेल. लेसरचं म्हणाल तर आपल्या डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला ३० किलोवॉटच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवलं. ते वाहनावर बसवलेलं होतं. तेव्हा पॅलाडिन आता फार दूर नाही.

पाचवा गिअर

द्रोझ्द माहीत नव्हतं. धन्यवाद, वाचतो.

बॅकबेंचर

टस्कचा मुद्दा पटला, पण अर्धाच. पाच ड्रोन आली तर क्षेपणास्त्रं पुरतील. पन्नास आली तर?

निळावंती

पन्नास आली तर ओव्हरलॉर्डवरची गॅटलिंग. मी कायम भोंगा लावला, ते चुकलंच म्हणायचं.

कट्टेकरीण

चहा तीनदा झाला, सगळं वाचलं.

मला याच मालिकेतल्या 'केन्स रॅथ'मधला एमएआरव्ही कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. २००८. मॅमथचा अतिअवतार, तीन ध्वनितोफा, अंगात सैनिक बसवायच्या चार जागा. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. तो टायबेरियमच्या शेतावरून गेला की ते विषारी स्फटिक वेचत जायचा. मागे स्वच्छ जमीन राहायची. मी लढाई जिंकल्यावरही शेवटची इमारत पाडायची नाही. नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याला फिरवायची, सगळं हिरवं संपेपर्यंत. आई विचारायची, अगं शत्रू कुठाय?

रणगाड्याच्या घडणीत असं काही कुणाला सुचलं, याचं मला अजून अप्रूप आहे. पाय की पट्टे या वादात माझं मत पट्ट्यांना, कारण शेतावरून फिरायला पट्टेच लागतात. नांगरासारखे.

माजी सवार

हे वाचून नातवाला एमएआरव्ही दाखवायला सांगितलं. पाहिला. सुरुंग साफ करायला आपण रणगाड्यापुढे नांगर आणि जड चाकं लावतो, मागच्यांना वाट मोकळी व्हावी म्हणून. त्याच घरातली कल्पना आहे ही. चांगली आहे.

टायबेरियम

दोन दिवस कामात होतो, आत्ता सगळं नीट वाचलं. माझा मूळ प्रश्न होता, पाय चूक होते का आणि नव्यात काय ठेवायचं.

गणोजींच्या गणिताने मी थोडा हललो. पाय लावले की गाडा जमिनीत रुतेल असं माझ्या मनात होतं, ते मागे घेतो. पण गुडघा आणि उंची या दोन गोष्टींवर पट्टे जिंकले.

मग रात्री वही काढून नवा मॅमथ लिहिला. वजन ६५ टन, त्याच्यावर एक किलो नाही, सवारकाकांच्या ओढ्यासाठी. १२० मिमीची तोफ एकच, मधोमध. हे लिहिताना हात अडखळला, कारण दोन नळ्या म्हणजेच मॅमथ असं लहानपणापासून डोक्यात बसलंय. पण खडकीकरांचा धक्क्याचा मुद्दा खोडता येईना. दुसऱ्या नळीच्या जागी टरेटच्या मागच्या बाजूला, निळावंतींच्या सल्ल्याने, ड्रोनसाठी वेगात उडणारी लहान तोफ. टस्कच्या पेट्या दोन्ही बाजूंना तशाच. रेलगन नाही. पट्टे चार. आणि अर्ध्यापर्यंतची डागडुजी, ती तर राहणारच. एक पट्टा निकामी झाला तर उरलेल्या तिघांवर भार वाटून रांगत मागे यायचं, एवढीच तिची व्याख्या.

पाचवा गिअर

किंमत किती लावली? १५०० च्या वर गेला तर मी परत दोन मीडियमच बांधणार.

खडकीकर

एक नळी? ठीक आहे. तोफ पुण्याचीच घ्या म्हणजे झालं.

गणोजी

६५ टनांत चार पट्टे, चार स्वतंत्र मोटारी आणि बाजूच्या पेट्या बसवायच्या तर चिलखत कुठून तरी कापावं लागेल. टरेटमध्ये माणूस न ठेवता तिघांनाही पुढे पोटात बसवलं, रशियाच्या आर्माटासारखं, तर टरेट हलकं होईल. तिथून टन वाचवा.

माजी सवार

टरेटमध्ये कुणीच नसेल तर कमांडरने डोकं कुठून बाहेर काढायचं? पडद्यावरून दिसतं, पण वास येत नाही, आवाजाची दिशा कळत नाही. मी तरी झाकण उघडंच ठेवलं असतं. एक जागा वर ठेवा.

टायबेरियम

ठेवली. दोघं खाली, कमांडर वर. वजन ६६.

रेखाटन

टायबेरियम, वहीतल्या पानाचा फोटो टाका. समोरून, बाजूने आणि वरून, तिन्ही. चार पट्ट्यांमधलं अंतर मोजून लिहा. जुन्या मॅमथची पितळी तार काल बसवली, नळ्या आता मोडत नाहीत. तो रंगवून झाला की त्याच्या शेजारी नवा उभा करायचा आहे, त्याच मापात.